मागे राहिलेल्या नवऱ्यांची पाहणी

२ जानेवारी, सकाळी ६.१०
नवं वर्ष, नवी वही. (काल विश्रांती घेतली. विश्रांती हाही नियोजनाचाच भाग.)
पीएच.डी.चं नववं वर्ष. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ, ३० मार्च. त्यानंतर नोंदणी रद्द. घाबरण्यासारखं काही नाही. पत्रात 'अंतिम' हा शब्द जाड ठशात आहे, पण मागच्या दोन पत्रांतही तो जाडच होता.
बायकोला, जिन्सीला, शब्द दिलाय की प्रबंध दिला की दुसऱ्या दिवशी आयर्लंडचं विमान. चार वर्षं ती तिथे नर्स आहे. माझ्या व्हिसाचे कागद तिने केव्हाच करून ठेवलेत. बिचारी. माझ्यावाचून तिचं फार अडत असणार.

३ जानेवारी
गाइडचा फोन. म्हणाले, बिनोय, गल्फला गेलेल्या नवऱ्यांच्या बायकांवर इतके प्रबंध झालेत की आता केरळात बायका शिल्लक नाहीत. तू उलटं कर. बायको परदेशी, नवरा इथे. त्या मागे राहिलेल्या नवऱ्यांचं अर्थकारण बघ, अस्मिता बघ, सार्वजनिक जीवन बघ.
विषय झणझणीत आहे! पण असे नवरे शोधायचे कुठे? दिवसभर विचार केला. डोळ्यांसमोर एकही येईना.

६ जानेवारी
गाव ठरलं, चेरुमला. दर दोन घरांआड एक नर्स बाहेर. माझ्या घरापासून दोन किलोमीटर, म्हणजे तटस्थतेला पुरेसं अंतर.
प्रश्नावली तयार, चोपन्न प्रश्न. साठ नवरे. रोज दोन म्हटले तरी महिन्यात खलास. फेब्रुवारीत लेखन, मार्चमध्ये बॅग भरणे. वेळ उरला तर थोडं आयरिश हवामान अंगवळणी पाडणे.

९ जानेवारी
मुहूर्त. मत्तायी अच्चायन, वय ५८, बायको इंग्लंडात. मी ओळख करून दिली, स्थलांतराचा अभ्यासक. ते आत ओरडले, अगं आई, जिन्सीचा नवरा आलाय, चहा टाक.
पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली. आपण मागे किती वर्षं राहिला आहात? अच्चायन म्हणाले, मागे? मागे कोण राहिलंय? मी रबराची बाग सांभाळायला थांबलोय.
रबराला तीन वर्षं कुणी चीक काढायला चाकू लावलेला नाही. झाडांवर वेली चढल्यात. फॉर्म कोरा. केळ्याची भजी उत्तम.

१४ जानेवारी
सात घरं. सात नवरे. एक आजारी आईसाठी थांबलाय (आई विहिरीवर पाणी शेंदत होती). एक विमानाला घाबरतो. एक म्हणतो पुढच्या वर्षी जाणार, हे तो सहा वर्षं म्हणतोय. एकही कबूल करत नाही! माणूस स्वतःला किती फसवू शकतो, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल.
जिन्सीचा फोन. कितवा फॉर्म, विचारत होती. मी म्हणालो, तिकडे बर्फ पडला का?

१७ जानेवारी
एलिकुट्टी टीचरांकडे गेलो. निवृत्त भूगोल शिक्षिका, गावाच्या वाचनालयाच्या चिटणीस. मलाही शिकवलंय, आणि हे त्या विसरू देत नाहीत. चेरुमल्यात आजवर एकतीस पाहण्या झाल्यात, म्हणाल्या. सगळ्यांना सांगते, एक प्रत पाठवा. फक्त चौघांनी पाठवली. तू तरी पाठव. नमुना म्हणून एक कोरा फॉर्मही ठेवून घेतला.
मग इकडच्या तिकडच्या गप्पा. जेवतोस काय, स्वयंपाक कोण करतं, स्कूटर कुणी घेतली. बोलता बोलता मांडीवर पेन्सिलीने शब्दकोडं सोडवत होत्या. अभ्यासकाला अशी निवांत जागा हवीच. रोज जायचं ठरवलं.

२३ जानेवारी
गंडांतर. प्रश्न क्रमांक १७ गावात फुटला. 'पत्नी परदेशी असल्यामुळे सार्वजनिक जीवनातील आपला सहभाग कमी झाला आहे का?'
चहावाला भार्गवन (बायको कतारला) कपबशा आपटत म्हणाला, मी दूध सोसायटीवर, देवळाच्या कमिटीवर, नाट्यमंडळावर, आणि हा मला सहभाग विचारतो! टपरीतले सगळे पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. उद्या वाचनालयात खास सभा.
सार्वजनिक जीवन इतकं जिवंत! गाइडना कळवलं. त्यांचं उत्तर: फॉर्म किती?

२४ जानेवारी
सभा चार तास चालली. चौतीस नवरे आले. 'मागे राहिलेले' या शब्दांवर हरकत. एका गटाला 'इथे थांबलेले' हवं होतं, दुसऱ्याला 'गाव सांभाळणारे'. मतदान बरोबरीत सुटलं. ठराव: सात जणांची उपसमिती प्रश्नावली तपासेल, तोवर कुणीही एका अक्षराने उत्तर देणार नाही. साठही फॉर्म टीचरांच्या ताब्यात.
मला आमंत्रित सदस्य केलं. मान मोठा आहे. वेळापत्रक फक्त एका आठवड्याने सरकेल.

८ फेब्रुवारी
उपसमितीत फूट. आता दोन उपसमित्या.
टीचरांकडे दुपार. त्यांनी विचारलं, जिन्सीने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा का नाही गेलास? मी म्हणालो, प्रबंध. दुसऱ्यांदा? प्रबंध. तो नसता तर? मी त्यांना विचारलं, टीचर, शब्दकोड्यात काही अडलंय का? त्या म्हणाल्या, हो रे, एकाच ठिकाणी अडलंय.

१६ फेब्रुवारी
नवऱ्यांचा मोर्चा. वाचनालय ते पंचायत. घोषणा, ढोल, दोन लाउडस्पीकर. मी निरीक्षणासाठी कडेने चालत होतो. भार्गवनला शिंक आली म्हणून त्याने क्षणभर फलक माझ्या हातात दिला. नंतर तो कुठे गेला ते कळलं नाही. घोषणेची लय मात्र चांगली होती. घोषणा देताना अभ्यासकाला लोकांचं मन आतून कळतं.
पंचायतीत अध्यक्षबाई एकट्याच होत्या. त्यांनी निवेदन घेतलं आणि विचारलं, घरी भात कुणी लावलाय का? मोर्चा लगबगीने पांगला.

१७ फेब्रुवारी
स्थानिक पेपरात फोटो. पहिल्या रांगेत मी. तोंड उघडं, मूठ वर, फलक सुस्पष्ट: 'आम्ही मागे राहिलेलो नाही!'
जिन्सीकडे तो तासाभरात पोचला. तिच्या वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसनी पाहिला. पाच मिनिटं ती नुसती हसत होती. मग म्हणाली, बिनोय, या मार्चनंतर मी विचारणार नाही. तूच सांग.
मी म्हणालो, निरीक्षणाची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे.
थोडं वाईट वाटलं. बरंच वाटलं. तिचा आवाज थकलेला होता. उद्यापासून पहाटे चारला उठणे.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
उठलो.

११ मार्च
तडजोड! दोन्ही उपसमित्यांचं 'तूर्त इथे असलेले' या शब्दांवर एकमत. प्रश्न १७ वगळला. पण बदललेली प्रश्नावली आमसभेपुढे जायला हवी. आमसभा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. मत्तायी अच्चायन पाठ थोपटत म्हणाले, पोरा, घाई कसली, आपण इथेच आहोत की सगळे.

२८ मार्च
नवी योजना. प्रबंध साठ नवऱ्यांवर नकोच. थोडे पण सखोल. दहा. पाचही चालतील. खरं तर एकाच माणसाचा खोल अभ्यास हल्ली फार मानला जातो. एक तरी भरलेला फॉर्म मिळायला हवा.

३० मार्च, सकाळी ११
टीचरांकडून गठ्ठा आणला. एकोणसाठ कोरे.
साठावा भरलेला! पेन्सिलीने, रेखीव अक्षरात, एकही रकाना न सोडता. आनंदाने ओरडलोच. कोण हा प्रामाणिक माणूस? टीचर शेंगा सोलत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, वाच की.
पत्नीचा देश आयर्लंड. कालावधी चार वर्षं. स्वयंपाक: शेजारीण, रविवारी अंडी. वाहन: स्कूटर, पत्नीने घेतलेली. सार्वजनिक सहभाग: मोर्चात पहिल्या रांगेत.
मी म्हणालो, टीचर, हे शब्दकोडं नव्हतं. त्या म्हणाल्या, शब्दकोडं मला कधीच जमलं नाही. बाकीचे सगळे फक्त मागे राहिलेत बाळा, तुझ्याकडे तर व्हिसाचे कागद तयार आहेत. प्रत पाठवायची आठवण ठेव.

३० मार्च, दुपारी ४
विद्यापीठ पाचला बंद. बसने दीड तास. म्हणजे प्रश्न मिटला.
फॉर्म घेऊन व्हरांड्यात बसलोय. घर फार मोठं आहे. दोघांसाठी बांधलं होतं. प्रश्न ५४ आत्ता वाचला, 'पत्नीकडे जाण्याचा विचार आहे का?' हो आणि नाही, दोन्ही चौकोन रिकामे. खाली टीचरांचा शेरा: उत्तरदाता विषय बदलतो.
शेरा अशास्त्रीय आहे. उत्तरदात्याला नीट संधी दिलेली दिसत नाही. हा एवढा चौकोन मी स्वतःच भरून टाकतो.

३० मार्च, ४.२०
पेन हातात घेतलं आणि जिन्सीचा फोन आला. तिने प्रबंधाचं विचारलंच नाही. नुसती थांबून राहिली.
मी म्हणालो, यंदा फणस लवकर लागलेत.