रेकॉर्डिंग चारमधलं नाव

६ जुलै
सकाळी आईनं टीव्हीवर बाबांचं बोलणं लावलं. रेकॉर्डिंग ४, तिचं रोजचं. मध्येच चर्र, दीड-दोन सेकंद, आणि नेमकं तिच्या नावावर. सगळं आयुष्य 'अवो'वर काढलं बाबांनी. घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्या फोनसमोर एकदाच नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून पाटी-लेखण.
मी म्हटलं टीव्ही बिघडला असेल. आई म्हणाली, "टीव्ही नाई. परवा बी अस्संच केलन. काल चांगलं होतं."

७ जुलै
आई बरोबर. टीव्हीला जोडलेली फाइलींची पेटी बंद करून चालू केली की कधी स्वच्छ, कधी चर्र. फाइलीचं नाव तेच, साइज तीच, तारीख तीच. पेटीला काही झाल्याचा पत्ताच नाही. मूळ फोन गेल्या वर्षी शेतातल्या बोडीच्या पाण्यात पडला, म्हणजे जे आहे ते एवढंच. अकरा रेकॉर्डिंग.
ऑफिसात दिवसभर लक्ष नव्हतं.

९ जुलै
डोंगरेभाऊंना फोन. कारध्याचे, कॅमेरे बसवतात, पेटीही त्यांनीच बसवलेली. म्हणाले, आत दोन डिस्क, दोन्हींवर सारखंच. पडल्या पडल्या एखादीवरचं एखादं अक्षर बदलतं, बोंब होत नाही. पेटी आज हिच्यावरून वाचते, उद्या तिच्यावरून. म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही ताडून बघायची तपासणी लावली होती, रात्री दोनची.
ती एकदाही झालेली नाही! आई झोपताना मेन स्विच पाडते. शेजारचा टीव्ही विजेनं जळला तेव्हापासून एक दिवस चुकली नाही. मी फार बोलले तिला. ती भांडी आवरत राहिली. बाबांनी पाटी पुढे केली: तिले बोलू नोको.

१० जुलै
डों.भाऊ आले. चहा होईपर्यंत माझी जिरली.
तपासणी झाली असती तरी पेटी एवढंच म्हणाली असती, की दोन्हींत फरक आहे. खरी कोणती, ते नाही. त्यासाठी ठेवतानाच प्रत्येक तुकड्याचा एक आकडा काढून ठेवावा लागतो. वाचताना आकडा जुळला नाही की पेटी दुसऱ्या डिस्कवरचा चांगला तुकडा घेते, बिघडलेला दुरुस्त करते, आपल्याला कळतही नाही. फोल्डर बनवताना त्याची एक टिक असते. त्यामुळे पेटी थोडी हळू चालेल असं लिहून आलं होतं, आणि ती टिक मी काढली. ऑपरेशनची घाई, दवाखान्याची पिशवी भरायची होती. भाऊ खाली बघत म्हणाले, "ताई, तुमीच म्हनल्या होत्या, नोको म्हनून."
आईची माफी मागितली. ती म्हणाली जाऊ दे, मले का समजते त्यातलं. त्यानं जास्तच रडू आलं.
स्क्रीनवर 'दुरुस्त करा' असं बटण आहे. दाबायचं नाही. ते पहिल्या डिस्कवरचं दुसरीवर उतरवतं, खरं-खोटं न विचारता. पहिलीच बिघडली असेल तर नाव कायमचं गेलं.

१३ जुलै
डिस्क काढून एकेक ऐकली. अकरा रे., बावीस वेळा. धान रोवण्याचे दिवस, पण आज कामाला बाया सांगितल्याच नव्हत्या. बाबा दारात धानाच्या बांधीकडे तोंड करून बसले, स्वतःचं बोलणं ऐकत. निवाडा आईचा.
१, २, ३ सारखीच. पहिल्या डिस्कवर ४: चर्र. दुसरी लावली. आईनं माझं मनगट धरलं.
"शेवंता, चाय थंडा होऊन राहिला."
साफ.
आई म्हणाली, "हेच." बाबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते. मला दोघं इतकी आवडली.
रे. ९ उलटं, पहिलीवर चांगलं, दुसरीवर खराब. बरं झालं बटण दाबलं नाही.

१४ जुलै
नवं फोल्डर, टिक केली. आईनं निवडलेली अकराच्या अकरा त्यात. तपासणी आता रविवारी सकाळी अकराला. आईनं विचारलं, पेटीले आता ह्यायचं बोलणं समजते का. नाही, बदललं की नाही एवढंच समजतं. मंग माह्यापेक्षा कमीच, म्हणाली.
भाऊ जाताना म्हणाले, वीज पडली तर पेटी दोन्ही डिस्कसकट जाईल. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मावशीकडे लाखांदूरला ठेवू. शनिवारी एसटीनं जाते.

१८ जुलै
आई अडली. दहा ने, चार नंबरचं नाही. मावशी ऐकेल, तिच्या सुना ऐकतील, हसतील. समजावलं, कोणी लावणार नाही, पेन ड्राइव्ह कपाटात पडून राहील. कपाटातलं बाहेर निघतेच, म्हणाली. आणि मग हळूच, "एका डाव घेतलं त्यायनं नाव. ते गावभर कायले?"
बाबांना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं: शेवंता.
आईनं पदरानं पुसलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. ती पुन्हा पुसायला गेली तर पाटी उंच धरली. आई हसत होती, डोळे पुसत होती, पण हो म्हणाली नाही.
उद्या सकाळची बस. पेन ड्राइव्हमध्ये अजून दहाच आहेत.