वळणावरचा कठडा

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका आणि या घराची एकटी मालकीण, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो घेताना माझे जावई दवाखान्याबाहेर कशासाठी घुटमळत होते ते मला समजलेले नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला घेतला आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. खालचा मजला विकावा आणि माझ्या धाकट्या दिरांना तिथून बाहेर काढावे, असे त्यात होते. ते मी फाडून टाकले. का फाडले, हे सांगितल्याशिवाय पुढचे कोणाला पटायचे नाही.

१. घराबाबत. खाली दीर राहतात, पुढच्या खोलीत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. वर मी. मध्ये लाकडी जिना, अर्ध्यावर वळण घेणारा. सासऱ्यांनी घर एकट्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या पतीच्या नावे केले आणि त्यांच्यामागे ते माझ्याकडे आले. कागदावर आपलेही नाव हवे, असे दिरांचे म्हणणे होते. त्यावरून भावाभावांत कडाक्याचे भांडण झाले. दुसऱ्याच दिवशी वळणावरचा कठडा निखळला आणि माझे पती खाली पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. मी कामावर होते. घरी परतले तर कठडा जागच्या जागी! दिरांनी खिळे ठोकून तो बसवला होता. सख्खा भाऊ गेलेला आणि या गृहस्थाला हातोडी सुचते कशी?

माझी हयात जखमा बांधण्यात गेली. बायकोला मारून आणणारे नवरे ‘न्हाणीत पाय घसरला’ म्हणून सांगतात, आणि आधी रक्त पुसून आणतात. घाईने साफसफाई करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पोलिसांकडे गेले नाही, कारण खिळ्यांशिवाय दाखवायला काही नव्हते. पण त्या दिवसापासून मी दिरांशी बोलणे टाकले. निरोप असला तर मुलीमार्फत.

२. यंदा तो कठडा पुन्हा डुगडुगू लागला. जावई म्हणाले, “आई, हे लाकूड काढूनच टाकू. लोखंडी जिना बसवू. माझ्या ओळखीचा माणूस आहे.” जावयांच्या ओळखीची माणसे घरात शिरली की खोल्यांची मापे घेऊ लागतात, हे मी पाहिले आहे. गल्लीतला सुतार दिरांच्या दुकानात चहाला बसणारा. तेव्हा मीच पदर खोचला.

जुने वार्निश खरवडले. दांड्यांना पॉलिश पेपर मारला. भेगांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली. (हार्डवेअरवाल्याने वार्निशमध्ये टर्पेंटाइन ओतले होते, असा माझा संशय आहे. त्याच्याकडून पुन्हा काही घेऊ नये.) मग वळणावरच्या खांबाचे खिळे उपटले. आत बोल्टचे जुने भोक होते. गोल, स्वच्छ, कुठे चीर नाही. बोल्ट तुटून निघाला असता तर लाकूड फाटले असते. म्हणजे तो कोणीतरी पान्याने काढला होता.

मला बरे वाटले, हे लपवत नाही. इतक्या वर्षांनी पुरावा हाती लागला होता.

आणखी काही सापडते का म्हणून शेजारची सैल पायरी उचलली. खालच्या पोकळीत रुमालाची पुरचुंडी होती. आत बोल्ट, नट आणि पाना. रुमाल यांचा, माझ्या पतीचा. पांढरा दोरा संपला म्हणून मी तो निळ्या दोऱ्याने रफू केला होता. काढलेली वस्तू हरवू नये म्हणून रुमालात बांधायची आणि कुठेतरी जपून ठेवायची, ही यांचीच खोड. मी खालच्या पायरीवर बसले. कठडा दुरुस्त करायला यांनीच मोकळा केला होता. मध्येच कशाला तरी वर गेले असतील आणि उतरताना सवयीने त्यावरच भार टाकला असेल.

पण रुमाल काय, कोणालाही उचलता येतो. म्हणून पुरचुंडी घेऊन मी दुकानात गेले. दीर डोळ्याला भिंग लावून बसले होते.

“भाऊजी, हा कोणाचा?”

त्यांनी भिंग काढले. “दादाचा. कुठे मिळाला?”

“पायरीखाली. त्या दिवशी तुम्ही कठडा लगोलग का ठोकलात?”

माझ्या अनुभवात खोटे उत्तर तयार असते. दीर कितीतरी वेळ समोरच्या उघड्या घड्याळाकडे बघत राहिले.

“तुम्ही घरी यायच्या होतात, वहिनी,” ते म्हणाले. “शुद्ध हरपलेली बाई त्याच जिन्याने वर जाणार. तुम्हीही पडला असतात तर?”

“मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मी पुरचुंडीतून बोल्ट काढला आणि जिन्याकडे वळले. दीर मागून आले. म्हणाले, “खांब एकटीनं धरता येणार नाही तुम्हाला.” त्यांनी खांब धरला, मी बोल्ट आवळला. नट नीट बसला की नाही, हे त्यांनी तपासल्यावर मीही तपासले.

३. म्हणून खालचा मजला दुकानासह माझ्या दिरांना मालकी हक्काने देत आहे. कागदावर त्यांचे नाव लागावे. वरचा मजला मुलीचा, फक्त तिच्या एकटीच्या नावे. जिना दोघांचा सामाईक. त्याचे काहीही काढायचे झाल्यास दुसऱ्याला आधी हाक मारून सांगावे.

४. बँकेतील शिल्लक मुलीची. पटाशी, पाना, खरवडणी दिरांकडे द्यावी. जावयांना माझी आरामखुर्ची द्यावी. ते तिच्यात नेहमी न विचारताच बसतात.

५. दिरांना यातले काही ठाऊक नाही. “मला काही नको” असे ते परवा म्हणाले. हे खरे की वरवरचे, ते पाहायला मी नसेन, ती जबाबदारी मुलीची.

६. जिन्याच्या वरच्या दाराला मी आता आतून कडी घालत नाही. सकाळी वर माझी चाहूल लागली नाही तर सरळ आत यावे, असे दिरांना सांगून ठेवले आहे. सर्वांत आधी त्यांनी यावे. मुलीला त्यांनीच कळवावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: या घराची थोरली सून

साक्षीदार:
शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
औषधाच्या दुकानातले कंपाउंडर (सही)

दिरांना वाटणी मिळत असल्याने त्यांची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. दुसऱ्या वकिलांना विचारले, तेही तेच म्हणाले.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: ९ फेब्रुवारी