पाखरांच्या दाण्यांचं दूध

किरोगा, गुरुवार

प्रिय नोएमी,

तुझ्या बाबांसाठीची नऊ दिवसांची प्रार्थना पार पडली. रीतीप्रमाणे घरात जमिनीवर काढलेल्या क्रूसाचा चुना आम्ही गोळा करून कबरीवर नेला. शिकागोहून तुला येता आलं नाही, हे मनाला लावून घेऊ नकोस. एकदा आलीस तर कागदपत्रांवाचून परत सरहद्द ओलांडता येणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. डुकराचं मटण तळायची तांब्याची कढई अजून चुलीवरच आहे. गिऱ्हाइकं येतात, मला बघून टोपी काढतात आणि परत जातात.

फोनवर मी एवढंच सांगितलं, की बाबांचं हृदय थांबलं. पुढचं सांगायचा धीर झाला नाही. वसंतात त्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला आला. स्वारी अशी खूश, की गल्लीभर मटण वाटलं. वर मला म्हणाले, “ब्रिखिदा, दुखणं पळालं, आता गोळी कशाला? नुसत्या पोटऱ्या दुखतात तिनं.” शेजारची एदुविखेस टपलेलीच होती. “फेर्मिनभाऊ, पाखरांचे दाणे भिजवा, सकाळी वाटून त्यांचं दूध प्या. चरबी कशी धुऊन निघते बघा.” मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारा तरी. तर म्हणे, “ती कालची पोर. मी जन्मभर चरबीतच हात घालतोय.” हसले, मलाही हसवलं. त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? पावसाळा सरता सरता कढईपाशीच कोसळले.

डॉक्टरीणबाई भेटायला आल्या होत्या. म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आला होता तो गोळीमुळेच. ती सोडली की कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं. त्यामुळेच गेले असं छातीठोक सांगता येत नाही, पण धोका वाढला होता. पोटऱ्यांचं कानावर घातलं असतं, तर गोळी बदलून दिली असती. मी त्यांना मक्याच्या पानात वाफवलेले तमाले वाढले आणि परसात जाऊन रडले.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, “आई, बाबांनी सांगितल्यापासून मीपण गोळी सोडलीय. रोज ते दूध पिते. पिताना वाटतं, ते शेजारीच बसलेत.” मी फोन ठेवला, आणि आता हे लिहितेय. त्यांचं रक्त तुझ्यात आहे, पोरी, आणि हा रोगही त्यांच्याकडूनच आलाय. त्यांनी तुला दिलेली शेवटची गोष्ट मी हिरावून घेतेय, मला माफ कर. पत्र मिळताच तिथल्या डॉक्टरकडे जा आणि गोळी सोडल्याचं सांग. रड हवं तेवढं, पण गोळी घे. तुलाही मातीत घालायची ताकद माझ्यात नाही.

तुझीच,
आई