ठिगळाखालचा गरुड

बा, आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडणारी आता मी एकटीच उरले असेन. माय गेली. तुम्ही जिथं चौकीदारी केली ती कापसाची जिनिंग बंद पडली. आपल्या उंद्री गावात तुम्हाला 'जर्मन' म्हणून हाक मारणारी माणसंही एकेक करून संपली. राहिली ती टोपी. आणि तिनं माझ्या जिवाला जो ताप दिला आहे, तो तुम्ही आयुष्यात एकदा नीट चार शब्द बोलला असता तर टळला असता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काय करते ते ऐकून तुम्ही हसाल. तुमची लेक आता जर्मन फौजेच्या जुन्या टोप्या पारखते. सुरुवात तुमच्याच टोपीपासून झाली. ती खरी की खोटी, एवढंच पाहायचं होतं. फोनवर अशा वस्तू जमवणाऱ्यांचे गट असतात, तिथं मी तिचे फोटो टाकले. तासाभरात उत्तरं आली. सगळे मला 'सर' म्हणत होते आणि सगळे एकच सांगत होते, नक्कल आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यात आफ्रिकेच्या वाळवंटातली जर्मन टोपी कुठून येणार, असं एकानं विचारलं. मी लिहिलं, माझे वडील दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून तिकडे होते. त्यानं लिहिलं, सगळ्यांचेच वडील तिकडे होते सर.

मग मी हट्टाला पेटले. पारखायचं कसं ते शिकले. कापड जाड सुती हवं, अस्तर लाल, हवेच्या भोकांच्या कड्या धातूच्या आणि रंग उडालेल्या. ताडून पाहायला म्हणून दुसऱ्या टोप्या मागवल्या. त्यातल्या बऱ्याच खोट्या निघाल्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या केलेल्या. एक जांभळ्या उजेडाची बॅटरी मिळते. तिच्या उजेडात हल्लीचा धागा चमकतो, जुना चमकत नाही. मोठ्या विश्वासानं मी ती तुमच्या टोपीवर धरली आणि आख्खी टोपी निळीशार उजळली. मला रडूच आलं. नंतर लक्षात आलं की माय दर उन्हाळ्यात ती साबणाच्या पावडरीत भिजवायची, वरून नीळ द्यायची. ती पावडरच चमकत होती. हे मी गटावर लिहिलं, तर उत्तर आलं, धुण्याच्या पावडरीची गोष्ट प्रत्येक विकणारा सांगतो. मी विकत नाहीये, असं मी तीनदा लिहिलं. कोणी वाचलं नाही.

घरातही सुख नाही. धाकटा भाऊ म्हणतो, "बाई, काऊन डोकं खपवून राह्यली एका टोपीपायी? देऊन टाक ना कोनाले." शेजारचे निवृत्त तलाठी एकदा आले, तेव्हा मागवलेल्या टोप्यांपैकी एक टेबलावर होती. तिच्यावरचा गरुड आणि त्याच्या पायातलं चिन्ह पाहून म्हणाले, "मॅडम, हे त आपलं स्वस्तिक हाये. म्हंजे मानसं चांगलीच असतीन." मी जन्मभर इतिहास शिकवला. तासभर त्यांना सांगितलं की या चिन्हाखाली किती माणसं, बायका, पोरं मारली, कशी मारली, केवळ जन्मानं कोण होती म्हणून मारली. आपल्याला तरी हे वेगळं सांगावं लागू नये, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला. "हाव, पन चिन्ह त शुभच ना," म्हणाले आणि गेले. तेव्हापासून त्या टोप्या मी बुद्धवंदनेच्या खोलीपासून लांब, कपाटात कापडाखाली ठेवते.

तुमच्या टोपीवर गरुड नव्हता. पुढच्या बाजूला खाकी ठिगळ होतं, काळ्या जाड दोऱ्यानं शिवलेलं, टाके वेडेवाकडे. ते मायचे नव्हते, मायचा टाका बारीक होता. मी समजत आले की कापड फाटलं म्हणून तुम्ही शिवलं असेल.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. माय चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी खुंटीवरची टोपी घालते, कानांवर येते म्हणून मागं सरकवते आणि हात पुढे ताठ करून घरभर पाय आपटत चालते. माय हसते आहे. तेवढ्यात तुम्ही पाळीवरून येता. तुमचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "काढ. काढ मन्तो ना! तमाशा हाये का हा?" मी काढायच्या आत तुम्हीच ओढून घेतली, माझे केसही ओढले गेले. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मायला विचारलं तर म्हणाली, "मले काय मालूम? तुह्या बापाले इचार." मी तेव्हा विचारलं नाही.

विचारलं ते चिखलीच्या स्टँडवर. मी मास्तरकीचं शिकायला बुलढाण्याला निघाले होते. गाडी लागली, मी खिडकीत बसले, आणि तुम्ही डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिलीत. "बुलढाण्याले थंडी असते. घेऊन जाय." मी म्हटलं, "बा, ही कोनाची व्हती?" तुम्ही म्हणालात, "गरमी व्हती. भेटली. घातली." कंडक्टरनं घंटी मारली. पुढच्या दहा वर्षांत मी सुट्टीला येत राहिले, तुम्ही उघड्या डोक्यानं जिनिंगवर जात राहिलात, आणि त्या तीन वाक्यांपुढे आपण कधी गेलो नाही.

परवा एक गृहस्थ आले. मुंबईचे, साठीतले, आयुष्य या टोप्यांत घालवलेले. शेगावला दर्शनाला येणार होते, म्हणाले, तिथून तुमच्याकडे येतो. खिडकीपाशी टेबल ओढून बसले, डोळ्याला भिंग लावलं. अस्तर पाहिलं, कड्या पाहिल्या, पुढच्या भागाची शिवण नखानं चाचपली. मग भिंग काढून म्हणाले, "मॅडम, खरी आहे. लोक मूर्ख आहेत."

इतकी भांडले होते याच वाक्यासाठी, आणि आता मी नुसता चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. ते म्हणाले, "फक्त हे ठिगळ उसवू द्या. उन्हात कापड विटतं, पण गरुडाखालचं विटत नाही. त्याची सावली राहते. तिचा फोटो टाकला की सगळ्यांची तोंडं बंद." मी म्हटलं, "एकाच बाजूनं उसवा."

त्यांनी सुईनं तुमचे टाके सोडवले आणि ठिगळ वर उचललं. खाली गर्द हिरवा पंख होता, एकच. दुसऱ्या पंखाच्या जागी कापडच नव्हतं, नुसते उभे आडवे काप. त्यांनी पुन्हा भिंग लावलं. "नुसता काढलेला नाही हा. काढणारा कडेचे टाके कापतो. इथं ब्लेड आत खुपसलंय, पुन्हा पुन्हा. कोणीतरी फार रागात केलंय." मग विचारलं, "वडील कुठल्या तुकडीत होते?"

"खणणाऱ्यांच्या. रस्ते, खड्डे."

"म्हणजे पुरायचं कामही त्यांच्याकडेच आलं असणार."

"कोणाला पुरायचं?"

"सगळ्यांना. आपल्यांना, त्यांच्यांना," ते म्हणाले आणि पिशवीतून एक डबी काढली. तिच्यात त्याच काळातला खराखुरा गरुड होता. तो कापांवर बरोबर बसेल, धागाही तेव्हाचाच वापरू, टोपी पूर्ण होईल, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. ते समजावू लागले, "मॅडम, आपण काही खोटं करत नाही. जे होतं तेच परत लावतोय."

"ज्यानं ते काढलं तो माझा बाप होता," मी म्हटलं.

"मग ही कुठल्याच चांगल्या संग्रहात बसणार नाही."

"नको बसू दे."

ते नाराज होऊन गेले. चहाही अर्धा ठेवला. मी ठिगळ परत शिवायला बसले. तुमच्याच भोकांतून सुई घालायचा प्रयत्न केला, पण काही टाके बाजूला पडले.

बा, काय झालं होतं हो तिथं? ज्याची ही टोपी, तो माणूस तुम्ही पुरलात का? जिवंत होता तेव्हा पाहिला होता? की त्याचा यात काही संबंधच नव्हता, आणि या गरुडावर तुम्ही वेगळाच कुठला राग काढलात? तुमच्या अंगावर ज्यांचा गणवेश होता त्यांचा, की गावात परतल्यावरही विहिरीपासून लांब उभं करणाऱ्यांचा? आणि इतका राग होता तर टोपी फेकली का नाहीत? ठिगळ लावून जन्मभर डोक्यावर का घातलीत? मी शहाण्यांची पुस्तकं धुंडाळली, अनोळखी माणसांचे टोमणे ऐकले, दोरा कुठला आणि कडी कुठली ते शिकले, आणि तुमच्याबद्दल मला चिखलीच्या स्टँडवर जेवढं माहीत होतं तेवढंच आज माहीत आहे. एका माणसाला बोलायला किती लागतं? मी तुमची लेक होते. मला सांगता आलं असतं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं वाटतं. ते गृहस्थ भिंग लावून बसले होते तेव्हा मी समोर उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, खोटी म्हणा. म्हणा की मुंबईला बोटीतून उतरल्यावर हिच्या बापानं ती फुटपाथवर घेतली, घरी दाखवायला. मी तुम्हाला खोटारडं ठरवायला तयार होते बा, म्हणजे ती कोणाच्या डोक्यावरून आली हे मला विचारावं लागलं नसतं.