तुझ्या बापाच्या कॉम्प्युटरातली घाण

प्रिय हर्षल,

तुला एक आजी आहे, आठवतं का? नसेल आठवत, म्हणून ओळख करून देते. राहायला नाशकात, सातपूरला. मूळची नांदगावकडची. तोंडात दात उरले नाहीत, पण बोलणं अजून चावतं. हैदराबादला निघालास तेव्हा रोज फोन करीन म्हणाला होतास. आता रविवारी आईला करतोस, शेवटी आजी बरी आहे ना असं विचारतोस, आणि मी पदराला हात पुसून येईपर्यंत ठेवूनही देतोस. औषधाच्या कंपनीत आहेस ना, मग विसराळूपणावर एखादी गोळी निघाली असेल तर आधी स्वतः घे.

अक्षर बघून चमकू नकोस. मला अक्षर येत नाही हे तरी तुझ्या लक्षात असेल. हे अक्षर मागच्या गल्लीतल्या लताबाईंचं, त्या झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या. बोलते मी, लिहितात त्या. मी शिवी दिली की त्या पेनाला टोपण लावून बसतात, मग मला ती मागे घ्यावी लागते. म्हणून या पत्रात शिव्या नाहीत, तुझं नशीब. घरी मी मेथी निवडायला जाते असं सांगून आले आहे, आणि मेथी निवडतेही आहे, खोटं नको. फोनवर बोलले असते, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरातही ऐकू जातं आणि शेजारीही. हे आधी तुझ्या एकट्याच्या कानावर जायला हवं.

तर ऐक. तुझ्या आईने तुझ्या बापाशी बोलणं टाकलंय. ताट वाढते, पण ठेवते अशी, की जणू रस्त्यावरच्या कुत्र्याला भाकरी टाकली. निरोप सगळे माझ्यामार्फत. यांना सांगा गॅस संपत आलाय, असं उज्वला मला म्हणते, आणि वाल्मीक दोन हातांवर बसलेला असतो. मग मी त्याला सांगायचं. तो मला सांगतो, तिला म्हणावं नंबर लावलाय. या वयात दोघांच्या मधली भिंत व्हायचं माझ्या कपाळी आलं. आणि आता वाल्मीकने नवीनच काढलंय. नांदगावला जातो म्हणतो, तुझ्या काकाकडे, मळ्यात राहायला. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. माळ्यावरची बॅग खाली काढून, पुसून, कॉटखाली सरकवली आहे. भांडून गेला असता तर मी अडवला असता. हा निमूट चाललाय, त्याचं मला भ्या वाटतं. तुला यातलं काही कळलं नाही, कारण रविवारी दोघं एकामागून एक फोन घेतात आणि दोघंही म्हणतात सगळं बरंय.

हे सगळं त्या कॉम्प्युटरपायी. कंपनीत जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस, रिटायर झाल्यावर सहा महिने नुसता भिंतीकडे बघत होता. मग तूच तो जुना कॉम्प्युटर आणून दिलास आणि तो दोन बोटांनी शिकला. पोराचं शहाणपण म्हणून मी तेव्हा तुझं कौतुकही केलं होतं, ते आता परत घेणार नाही. गल्लीतली माणसं यायला लागली. कुणाचं लाईटबिल, कुणाचं रेल्वेचं रिझर्वेशन, कुणाच्या लेकीचा अॅडमिशनचा फॉर्म. पैसा घेत नव्हता, वर चहा आपल्या घरचा. पण माणूस ताठ चालायला लागला होता. काका आहेत का, असं दारात कुणी विचारलं की आतून चष्मा घालून यायचा, एखाद्या साहेबासारखा.

दिवाळीनंतर ते मशीन आजारी पडलं. सकाळी बटण दाबावं तर चहा होईपर्यंत जागं होईना. मग कोपऱ्यात रंगीत पाट्या यायला लागल्या. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किडे झालेत, इथे दाबा, फुकट साफ करून देतो, असं त्यावर लिहिलेलं असायचं म्हणे. वाल्मीक सरळ माणूस, त्याने दाबलं. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं. आमच्या लहानपणी गावात गारुडी यायचा आणि दारात उभा राहून ओरडायचा, बाई तुमच्या घरात साप आहे. साप निघायचाही. त्याच्याच टोपलीतला असायचा. माझं कोण ऐकतो, मी अडाणी. एक पाटी दाबली की दोन यायच्या. हा मेला एकेक राखणदार मशीनमध्ये घेत गेला, किडे मारणारे म्हणून. शेवटी त्यात दोन राखणदार झाले, आणि एका दाराला बांधलेल्या दोन कुत्र्यांसारखे ते एकमेकांवरच गुरगुरत बसले. चोर आत मांडी घालून.

आणि मग भागीबाई आली. नळासमोरच्या घरातली, जिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्र्यंबक रोडला पोचते, ती. लेकीकडे नागपूरला जायचं म्हणून मनमाडहून गाडीचं तिकीट काढायला आली, बरोबर सून संजना. वाल्मीकने गाडीचं नाव टाकलं आणि पडदाभर बाई उभी राहिली. कपड्याचं काय सांगू, लताबाईंनी आत्ताच टोपण हातात घेतलंय. नुसती उभी राहिली नाही, आवाजही काढायला लागली. वाल्मीक घाईघाईने त्या फुलीवर दाबतोय, बंद व्हायची ती फुली असते ना, तर ती फुलीसुद्धा खोटी. दाबली की आणखी एक बाई. भागीबाईने तोंडावर पदर घेतला, एक डोळा तेवढा उघडा ठेवून. आणि त्याच वेळी तुझी आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

मी कॉटवरून सगळं पाहिलं. किळस आली मला. त्या बाईची नाही. ती कुणाची तरी लेक असेल, पोटासाठी कुठे तरी उभी राहिली असेल. किळस आली ती तिला आमच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्यासमोर आणून सोडणाऱ्याची. कुठे तरी पंख्याखाली बसलेला असेल तो, आमच्या उंबऱ्यात उकिरडा ओतून पैसे मोजणारा. आणि किळस आली ती गल्लीची. दुसऱ्या दिवसापासून एकही माणूस बिल भरायला आला नाही. ज्यांची तिकिटं याने फुकट काढली ते बाप्ये टपरीवर याला म्हणतात, काका, आम्हालाही दाखवा की तुमची गाडी. आणि हसतात, पान खाऊन रंगलेले दात दाखवून. शी. वाल्मीकने टपरीवर जायचं सोडलं. मग बस स्टॉपवर जाऊन बसायला लागला. बसमध्ये चढत नाही, नुसता बसतो.

मी म्हटलं, भांड्याला घाण लागली तर भांडं घासतात, घर सोडत नाहीत. लताबाईंनी रूपाली म्हणून एक बाई पाठवली, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. तिने आधी इंटरनेटची वायर उपटली. मला ते आवडलं, चोर आत असला की आधी मागचं दार लावायचं. मग तिने तो डबा उघडला, आणि देवा रे. आत झुरळं. जिवंत. मेलेली तर चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखी पसरलेली. पंख्याला पीठ आणि तेलाचा चिकटा, कारण शेजारीच पिठाचा डबा, आणि पाठीमागे पालीची अंडी. तुझी आई, जी माझा पेला मी पाणी प्यायच्या आधीही विसळते आणि नंतरही, ती बघतच राहिली. मशीनला धूळ लागू नये म्हणून तिनेच प्लॅस्टिकचं कव्हर घालून वर विणलेला रुमाल पसरला होता. रूपाली म्हणाली, काकू, याला श्वास घ्यायला जागा लागते, तुम्ही याला गोधडीत गुंडाळलंत. उज्वला रुमाल काढून आत गेली. तो रुमाल आता माझ्या उशीवर आहे.

मग रूपालीने मशीन अर्धवट जागं केलं. आजाऱ्याला पेज देतात तसं, लागेल तेवढंच चालू, बाकी सगळं बंद. कुणी न मागवता येऊन बसलेलं एकेक सामान बाहेर काढलं. दोन राखणदारांतला एक घालवला, एकच ठेवला, त्याला आजच्या चोरांची ओळख करून दिली आणि कोपरान् कोपरा हुंगायला लावला. ज्या ज्या पाट्यांना वाल्मीकने हो म्हटलं होतं त्या सगळ्यांचं येणं बंद केलं. बँकेचे आणि बाकीचे चोरशब्द, पासवर्ड म्हणतात ते, दुसऱ्याच मशीनवर बसून बदलायला लावले. तुझ्या लहानपणीचे फोटो होते ते वेगळ्या डबीत भरून दिले, आणि ती डबी महिन्यातून एकदा लावायची, रोज लावून ठेवायची नाही, म्हणाली, नाहीतर मशीन आजारी पडलं की तीही पडेल. मशीन नवं काही मागतंय म्हणालं तर त्याच्याच घरातलं असेल तर घालायचं, दारावरच्या फेरीवाल्याकडून नाही. हे सगळं मला पाठ आहे, कारण तुझे आईबाप एकमेकांसमोर ऐकत नव्हते, कुणी तरी ऐकायला हवं होतं. आता मशीन पुसलेल्या पाटीसारखं स्वच्छ आहे म्हणतात. पिठाचा डबाही हलवला. घर मात्र तसंच आहे. मशीन झाडलं, माणूस राहिला.

कारण त्या दिवशी आणखी एक झालं, आणि ते सांगायलाच लताबाईंना बसवलंय. रूपाली सांगत होती की ही असली घाण सहसा फुकटच्या सिनेमाच्या पाठीवर बसून येते. उज्वला दारात उभी होती. रूपालीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, काका, हा तुम्ही घेतला का? नावाशेजारी चित्र होतं. मिशीवाला, हातात कुऱ्हाड, मागे आग. मी ओळखला, कारण मी तो सिनेमा पाहिलाय. भाऊबीजेला तुझे आईबाप मनमाडला मामाकडे गेले होते, आणि तू मला खुर्चीत बसवून म्हणालास, आजी, थिएटरातला पिक्चर तुला घरी फुकट दाखवतो. मध्येच काही तरी उघडलं तर माझ्या डोळ्यांवर हात ठेवलास, आणि पप्पांना सांगू नकोस म्हणालास. मी हसले होते. तुझ्या बापाने चष्मा पुसला, ते चित्र बराच वेळ बघितलं, तारीख बघितली, आणि उज्वलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, हो, मीच घेतला. जो माणूस सिनेमातली नावं संपायच्या आत घोरतो तो. त्याला सगळं कळलं, हर्षल. आईच्या नजरेत पोरगा उतरू नये म्हणून त्याने ती घाण उचलून स्वतःच्या अंगाला फासली, आणि आता ती अंगाला घेऊन नांदगावला चाललाय.

मी बोलले असते. पण सासू मुलाच्या बाजूने बोलणार हे कुठल्या सुनेला नवीन आहे? मी तोंड उघडलं की उज्वला म्हणेल, आई, तुम्ही त्यांना वाचवताय, वर माझ्या पोरावर ढकलताय. आणि वाल्मीक मला खोटं पाडेल, माझ्या देखत. माझं म्हणणं या घरात कुणी धरणार नाही. तुझं धरतील. सिनेमा पाहिलास त्याबद्दल मी तुला काही बोलत नाही, मीही शेवटपर्यंत पाहिला, मिशीवाला मेला तेव्हा डोळेही पुसले. एवढं होईल हे तुलाही माहीत नव्हतं. पण हे पत्र वाचून संपेल तेव्हा ते माहीत झालेलं असेल, आणि त्यानंतरही तू गप्प राहिलास तर ते तुझं. म्हणून पत्र वाचलं की आईला फोन कर. बापाला नाही, त्याला केलास तर तो स्वतःची शपथ घालून तुलाच गप्प करेल. आईला कर, आणि गोलगोल बोलू नकोस. मी केलं, पप्पांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं, एवढंच म्हण. ती रडेल, ओरडेल, फोन आपटेल, ते सोस. ती कॉटखालची बॅग माझ्या नजरेसमोर आहे, ती दाराबाहेर पडायच्या आत हे झालं पाहिजे. आणि फोन झाला की मग तिथली ती खारट-गोड उस्मानिया बिस्किटं पाठव, चहात बुडवली की विरघळतात म्हणे, माझ्या हिरड्यांना चालतील. आधी पाठवलीस तर कुरिअरवाल्याच्या हाती तशीच परत लावून देईन, खाऊ पाठवून सुटायचं नाही. आणि एक डबा जास्तीचा पाठव. तो भागीबाईकडे तुझी आई स्वतः घेऊन जाईल, काय बोलायचं ते तिचं तिला समजेल.

तुझीच, विसरलास तरी जिवंत असलेली,
सगुणा आजी