मळीवरच्या झाडीची किंमत

मी गुणमाला, कै. नेमिनाथ चौगुले यांची पत्नी, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार करंजवाडी, तालुका वाळवा. माझे डोके जागेवर आहे आणि मी हे कुणी पढवले म्हणून लिहीत नाही. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे दीर बाळासो वारस म्हणून उभे राहतील, ते राहू नयेत म्हणून कारणासह लिहून ठेवते.

यजमान वारल्यावर वाटणी झाली. नदीच्या कडेला करंज, उंबर, वाळुंजाची दाट झाडी होती आणि तिच्या आत आमची मळी, म्हणजे पुराच्या गाळाची जमीन. मी पंचांना म्हटले, "या मुळांनी काठ धरलाय. पुराचं पाणी हितं दमतं, गाळ ठेवून जातं. उन्हाळ्यात गावची जनावरं हितंच सावलीला बसत्यात. त्याची किंमत लावा."

बाळासो हसले. "आवं वैनी, नदी काय पैसं देतीया व्हय? सरपणाचा भाव धरा."

पंचांनी तोच धरला. झाडी त्यांना गेली, मळी मला. त्यांनी झाडी मुळांसकट खणून वीटभट्टीला विकली. मुळासकट जीव जातो म्हणून हा माणूस कांदा खात नाही.

पुढच्याच पावसाळ्यात कृष्णा चढली. पूर पूर्वीही यायचा, पण चालत यायचा. या वेळी धावत आला. उघडा काठ ढासळला. बैलांची दावी सोडायला गेलेला आमचा गडी धुळा गोठ्यासकट गेला. बैल पोहून वर आले, धुळा सापडला नाही. बाळासो भेटायला आले आणि म्हणाले, "देवाची करणी, वैनी." मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही.

१. पुरातून वाचलेली सर्व मळी, बैलजोडी व अवजारे धुळाची विधवा बनुबाई हिला द्यावीत. तिने काठाला पुन्हा करंज लावावेत.

२. बाळासोंचा स्वतःचा काठ वाहून गेल्याने त्यांचे पाण्याचे इंजिन आता काठ झालेल्या माझ्या मळीवर उभे आहे, माझ्या तोंडी परवानगीने. ती परवानगी माझ्याबरोबर संपेल. इंजिन उचलावे. त्यांचा ऊस वाळला तर वाळू द्यावा. त्यांच्या हद्दीत बैलजोडी सावलीला उभी राहील एवढे झाड वाढले, तर बनुबाईने पुन्हा पाणी उचलू द्यावे. त्यांचे वय एकाहत्तर आहे, हे ध्यानात घेऊनच ही अट घातली आहे.

३. राहते घर गावच्या बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, येणाऱ्या मुनींच्या मुक्कामासाठी द्यावे. बाळासो बस्तीचे पंच आहेत तोवर किल्ली त्यांच्या हाती नसावी.

४. माझ्या तिरडीला त्यांचा खांदा नको. अंत्यविधीला आलेच, तर लांब उभे राहावे.

हे सारे मी साक्षीदारांना वाचून दाखवले. एकीला म्हटले, "तू विचार कर बाई, तुला त्याच घरात नांदायचंय." ती म्हणाली, "आक्का, धुळाची बायको रोज माझ्या दारावरनं जाती. मला मान वर करता येत न्हाई. कुठं करू सही?"

ठिकाण : करंजवाडी
दिनांक : ११ डिसेंबर १९७७
सही : गुणमाला नेमिनाथ चौगुले

साक्षीदार :
१. लालासाहेब नाथाजी मोहिते, निवृत्त सुभेदार
२. सौ. चंदनबाला बाळासो चौगुले