इंजिन बसवायला बोलावलं होतं

आईला सांगितलासा, मला सांगितला न्हाईसा. चुलीपुढं बसून तिला म्हणालासा, "पोरगी खरं बोलली हुती गं," आणि मी मागं परड्यात रताळी धूत होते, मला सगळं ऐकू आलं. मी वाट बघितली, आज मला म्हणतील, उद्या म्हणतील. माझं लगीन झालं, पोरं झाली, तुम्ही गेलासा, तरी म्हणाला न्हाईसा. आप्पा, हे आधी लिहिते. खुशाली मागनं.

खुशाली अशी की मी निपाणीत लेकाकडं आहे, गुडघे सोडले तर बाकी सगळं चालतंय. अक्षर चौथीचंच आहे, वाचून नावं ठेवू नका.

बेळगुंदीच्या शिवारात मोटा सुटायला लागल्या आणि पाणी ओढायची इंजिनं यायला लागली, ती तुम्ही बसवून द्यायचासा, तेव्हाचे दिवस मला अजून वासानं आठवतात. रॉकेलचा, तापलेल्या लोखंडाचा वास. सायकलीच्या पुढच्या दांडीवर मी, मागं पान्ह्यांची पिशवी. भाऊ लहान, म्हणून मला न्यायचासा. पंधरा नंबरचा पाना म्हटलं की मी न बघता हातात द्यायची. एकदा इंजिनाचं पार्सल सोडवायला लोंढ्याला नेलासा, तिथं स्टेशनावर बशीत ओतून चहा पाजलासा आणि म्हणालासा, "आईला सांगू नगं." मी सांगितलं न्हाय. त्या बशीतला चहा मी अजून पिते आहे असं कधी कधी वाटतं, आणि मग सून म्हणते, आत्या, चहा निवला की.

आणि तो मार्गशीर्षातला दिवस. ओढ्याकडच्या मळ्यातली विहीर काठोकाठ भरलेली, मालक नवा फेटा बांधून उभा, इंजिनाला हार घातलेला. तुम्ही दोरीला दगड बांधून पाणी मोजलासा, "भरपूर हाय," म्हणालासा. मी दोरी धरून उभी आहे. मला ती विहीर ठाऊक. चैत्रात आम्ही पोरीबाळी तिथं पाण्याला जायचो, तेव्हा घागर बुडायची न्हाय, तळाच्या खडकावर आपटायची, वाटीनं भरावी लागायची. मी म्हटलं, "काका, चैत्रात हितं घागर बुडत न्हाय. इंजिन काय वडणार?" मालक हसला. "मिस्त्री, पोरगी तुमच्यापरास हुशार दिसत्या." तुमचं तोंड लाल झालं. "आपल्याला इंजिन बसवाय बोलीवलंय," म्हणालासा. "पाणी किती हाय ते सांगाय न्हाय. गप पाना धर."

मी धरला. चैत्रात इंजिन नुसतं वारं ओढायला लागलं. मालक दारात आला, तुम्ही तीन दिवस जाऊन पाईप खोललासा, वायसर बदललासा, सगळं पुन्हा जोडलासा. बिघाड इंजिनात नव्हताच, आणि हे तुम्हालाबी ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं आईला ते वाक्य म्हणालासा. आणि त्यानंतर मला सायकलीवर घेतला न्हाईसा. का, तर पोरगी वाढाय लागली. व्हय, वाढायला लागलेच होते, पण एका रात्रीत न्हाय.

आता हे सगळं आत्ताच का उकरते, तर तुमच्या पणतीपायी. माझ्या लेकाची लेक. पुण्यात कंपनीत आहे, आणि तिचं काम ऐकलं तर तुम्ही म्हणशीला, हे माझंच काम की. कुठल्याबी कारखान्याला, डेअरीला कॉम्प्युटरची नवी सिस्टिम पाहिजे असली की ही माणसं जाऊन बसवून देतात. सहा वर्षं तिनं तेच केलं. मागल्या वर्षी एका दूध डेअरीत गेली. दूध नासतंय म्हणून डेअरीनं फोनवर सगळी नोंद दाखवणारी सिस्टिम मागितली होती. ही चार दिवस गोठ्याकडं, गाड्यांकडं हिंडली आणि मालकाला म्हणाली, "सिस्टिम नंतर बघू, तुमची गाडी शेवटच्या गावाला दोन तास उशिरा जाती, आधी ती बदला." साहेबानं तिला बाहेर बोलावून झापलं. आपल्याला सिस्टिम बसवायला बोलावलंय, म्हणाला.

आप्पा, तिनं त्या संध्याकाळी मला फोन केला. आणि मी काय म्हटलं असेल? "बोलावलंय तेवढं करावं बाई, शानपणा कशाला करायचा?" तुमचं वाक्य, तुमच्याच आवाजात. पोरगी गप झाली, मग म्हणाली, "आज्जी, तिकडं पाऊस हाय का गं?" त्या गप होण्याची ओळख मला असायला पाहिजे होती.

तेव्हापासनं तिनं मनात घेतलं, की आता बसवायचं काम नको, काय बसवायचं आणि बसवायचं का न्हाय, हे सांगायचं काम पाहिजे. तशाबी कंपन्या असतात म्हणे. तिथं जायचं तर लोक आधी एमबीए करतात, दोन वर्षं. ती तशीच गेली मुलाखतीला. त्यांनी विचारलं, एका बिस्किटाच्या कारखान्याचा खप कमी झालाय, काय कराल? हिनं कॉम्प्युटर कुठला लावायचा ते सांगितलं. आजार काय ते विचारलं आणि हिनं सुई दाखवली. परत पाठवली.

मग सुट्टीला घरी आली ती कागद-पेन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली. "आज्जी, मला प्रश्न घाल."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आपल्या गल्लीत दोन गिरण्या. एकीकडं बायकांची गर्दी, दुसरीकडं गिरणीवाला माशा मारतोय. का?"

"दर जास्त हाय का?"

"सारखाच."

"पीठ जाड पडतंय?"

"मला काय इचारतीस? मी काय गिरणी हाय? कुणाला इचारशील ते सांग."

"गिरणीवाल्याला."

"म्हंजे त्यो तुला खोटं सांगणार आन् तू लिहून घेणार. अगं, ज्या बायका जायच्या बंद झाल्या त्यांना इचार की!"

पेन थांबलं तिचं. मग हसली आणि कागद फाडला. तीन दिवस असंच चाललं. भाजीवालीची टोपली, बंद पडलेली एसटी, तिच्या आईचं लोणचं का खपत न्हाय, सगळे प्रश्न घातले. त्याच चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, मी तिला विहिरीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "डेअरीत तू खरं बोललीस. मी फोनवर चुकले." मला वाटलं होतं अवघड जाईल. न्हाय गेलं. भाकरी जरा करपली, तेवढंच.

मुंबईच्या दुसऱ्या कंपनीनं तिला नोकरीला बोलावलंय. एमबीए नसलं तरी चालेल, पण नव्या पोरांच्या पंगतीत पहिल्यापासनं बसायचं, सहा वर्षं धरणार न्हाईत. आणि बेळगावच्या एका कॉलेजात एमबीएलाबी नंबर लागलाय. सोमवारी दोन्हीकडं कळवायचं, म्हणून परत घरी आली आहे. माझा लेक हायस्कुलात मास्तर, त्याचं म्हणणं, आधी पदवी घे, नाहीतर जन्मभर लोक विचारतील, तुमचं शिक्षण काय. त्याचं चूक न्हाय. मलाबी लोकांनी जन्मभर विचारलं. पण काल पाहुणे आले, त्यांनी पोरीला विचारलं, "काय ठरवलंस?" आणि उत्तर लेकानं दिलं. "एमबीए करणार हाय." पोरगी ताटातल्या भाताकडं बघत बसली. मी तिथंच त्याला म्हणणार होते, पण घास तोंडात होता. खरं म्हणजे घासाचं निमित्त.

कारण खरं सांगायचं तर आप्पा, बेळगाव हितनं तास-दीड तासावर. पोरगी कॉलेजात गेली तर दर शनिवारी येईल, गॅसपुढं बसेल. मुंबईला त्या कंपनीत गेली तर दिवाळीला तोंड दिसेल. म्हणून मी गप बसले. लेकाच्या मनात तिचं भलं तरी होतं, माझ्या मनात शनिवार होता. हे मी तिला सांगणार न्हाय, तुम्हाला सांगते, कारण हे पत्र कुठं जाणारच न्हाय.

तेव्हा सोमवारी तुम्ही स्वप्नात येऊन काही सुचवू नका. लेकाला मी आज सांगणार आहे, घास गिळून, की तिच्या वतीनं बोलू नको. कुठं जायचं यावर माझं तर तोंड बंदच. विचारलंय तिला, तिनंच सांगायचं.